जवाहिरखान्याची राखणदार बाकाबाई

लग्नसराई आली की इतवारीच्या सराफ्यापासून सक्करदऱ्याच्या बाजारापर्यंत ठुशी, तन्मणी, चिंचपेटी आणि नथ यांची चलती सुरू होते. सोन्याचा मुलामा आणि खोटे मोती का असेनात, घडण जुनी हवी, असा गिऱ्हाइकाचा आग्रह असतो. ज्या भोसले घराण्याने सक्करदऱ्याला तलाव, बाग आणि वाडा दिला, त्याचा अस्सल जवाहिरखाना मात्र १८५५ साली कोलकात्याच्या लिलावात विकला गेला. तो वाचवण्यासाठी झगडणारी वृद्ध राणी म्हणजे बाकाबाई.

दुसऱ्या रघूजी भोसल्यांची ही राणी १८१६ मध्ये विधवा झाली. विधवेने दागिना अंगावर घालू नये, अशी त्या काळची रूढी होती. पुढची चार दशके तिचा जवाहिराशी संबंध राहिला तो केवळ राखणीपुरता. पतीच्या पश्चात दुर्बळ परसोजी गादीवर आला. बाकाबाईने त्याला आपल्या हाती ठेवले. खजिना आणि जवाहीर धर्माजी भोसल्याच्या ताब्यात होते. आप्पासाहेबाने प्रथम या धर्माजीलाच कैद केले. नागपुरात सत्तेची वाट जवाहिरखान्यातून जात असे ती अशी! १८१७ च्या फेब्रुवारीत परसोजी बिछान्यात मृत आढळला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली आणि आप्पासाहेब हरला.

१८१८ साली इंग्रजांनी रघूजींच्या मुलीच्या मुलाला, म्हणजे तिसऱ्या रघूजीला, गादीवर बसवले. राज्यकारभार रेसिडेंट जेन्किन्सकडे गेला आणि अल्पवयीन राजाची व वाड्याची देखभाल बाकाबाईकडे आली. इंग्रजांशी जुळवून घेतल्याशिवाय घराणे टिकणार नाही, ही तिची खूणगाठ याच काळातली असावी.

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरा रघूजी निपुत्रिक वारला. डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारला आणि १८५४ मध्ये राज्य खालसा केले. राज्य गेले ते कागदावर. वाड्यातील चीजवस्तू बाहेर काढण्यात येऊ लागली, तेव्हा अपमान घरात शिरला. हत्ती, घोडे, उंट, बैल सीताबर्डीवर कवडीमोलाने विकले गेले. सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन, अशी धमकी पंचाहत्तरीच्या घरातील बाकाबाईने दिली. तिचे काही चालले नाही. जवाहीर कोलकात्याला गेले आणि हॅमिल्टन आणि कंपनीने त्याचा जाहीर लिलाव पुकारला. आलेल्या रकमेतून भोसले फंड उभारण्यात आला, म्हणजे घराण्याच्याच दागिन्यांच्या पैशातून घराण्याचा सांभाळ!

कुंदनकामात शुद्ध सोन्याची पानी दाबून खडा बसवतात. मागच्या बाजूला, जी फक्त अंगाला लागते, तिथेही मीनाकारी केलेली असते. हिरे चपटे, मंद चमकणारे असत. युरोपीय जवाहिऱ्यांना अशा दागिन्यात खड्यांचेच मोल दिसे. ते खडे काढून नव्या पैलूंनी कापीत आणि सोने वितळवीत. त्यामुळे विकला गेलेला जुना दागिना पुन्हा ओळखू येणे कठीण. आज मुलाम्याच्या तन्मणीत लोक शोधतात ती हीच हरवलेली घडण.

एवढे सोसूनही १८५७ मध्ये बाकाबाईने उठावाला साथ दिली नाही. आप्तांनाही आवरून धरले. १८५८ मध्ये ती वारली. उठावानंतर दत्तक वारस जानोजींना देऊरचे राजे बहादूर हा किताब मिळाला. राज्य परत मिळाले नाही. महालातील जुना वाडा १८६४ च्या आगीत भस्मसात झाला. पुढे सक्करदऱ्याचा वाडा घराण्याची ओळख ठरला. १९०८ मध्ये राजे रघूजीरावांनी ताजुद्दीनबाबांना याच परिसरात आणले.

नागपूरकरांनी मात्र बाकाबाईला क्षमा केली नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या, १८८१ पासूनच्या काळ्या मारबतीचा संबंध तिच्या इंग्रजधार्जिणेपणाशी जोडला जातो. हा निवाडा एकांगी आहे. त्यात १८५७ ची राणी आहे; जाळून घेण्याची भाषा करणारी १८५४ ची म्हातारी नाही.

२०२५ साली महाराष्ट्र शासनाने लंडनच्या सोदबीज लिलावातून पहिल्या रघूजींची सोन्याचे नक्षीकाम असलेली तलवार सुमारे ४७ लाख रुपयांना विकत घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आणली.