शेवटचं सबमिशन

एफ.ई.ला असताना आपण सगळ्यांनी ‘अर्धा एम व्ही स्क्वेअर’ घोकलाय. पण त्यातल्या ‘स्क्वेअर’साठी एक बाई भल्याभल्यांशी भांडली होती, हे कुठल्याच सरांनी सांगितलं नाही. तिचं नाव एमिली द्यु शातले.

एमिलीचा जन्म १७०६ साली पॅरिसमधला, बड्या घरातला. १८व्या वर्षी लग्न झालं, पुढे तीन मुलं झाली. त्यातलं धाकटं तान्हेपणीच गेलं. एवढ्यात एखादी संसाराला लागली असती. ही मात्र शिक्षक लावून गणित शिकू लागली. सिरे गावच्या वाड्यात तिने आणि लेखक व्हॉल्तेअरने मिळून प्रयोगशाळाच थाटली. १७४० साली तिचं भौतिकशास्त्रावरचं पुस्तक आलं. मऊ मातीवर पितळी गोळे टाकण्याचे डच शास्त्रज्ञ ग्रावेसांद यांचे प्रयोग तिने त्यात पुराव्यादाखल मांडले. वेग दुप्पट केला, तर खड्डा दुप्पट नाही, चौपट खोल! म्हणजे हिशेब वेगाच्या वर्गाचा. (आपला तो ‘अर्धा’ बऱ्याच नंतर आला.)

मग तिने न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणायला घेतला. नुसतं भाषांतर नाही, तर स्वतःची गणिती टीपही जोडायची होती. काम अर्ध्यावर असताना १७४९च्या सुरुवातीला कळलं, की आपल्याला दिवस गेलेत. वय ४२! आधीच्या बाळंतपणाला पंधरा वर्षं उलटलेली. यातून आपण वाचणार नाही, ही भीती तिला होती. रडत बसण्याऐवजी तिने डेडलाइन ठरवली आणि दिवसरात्र लिहीत राहिली. हस्तलिखित राजाच्या ग्रंथालयाकडे रवाना केलं. ४ सप्टेंबरला ल्युनेव्हिलला मुलगी झाली. सगळं सुखरूप वाटत होतं. पण १० सप्टेंबरला एमिली गेली. बाळही फार जगलं नाही.

फुप्फुसात रक्ताची गाठ अडकून ती गेली असावी, असा तर्क केला जातो. गरोदरपणात रक्त लवकर गोठतं, आणि हा धोका बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत सर्वांत जास्त असतो. पस्तिशीनंतर तो आणखी वाढतो. रक्तदाब, मधुमेह, गर्भपात, सिझेरियन यांचं प्रमाणही वाढतं. स्त्रीबीजाचंही वय होतं, म्हणून गुणसूत्रांच्या चुका वाढतात. डाऊन सिंड्रोमचा धोका पंचविशीत साधारण १२५० बाळांत १, तर चाळिशीत १००त १.

म्हणून घाबरायचं का? मुळीच नाही. आज चाळिशीतल्या बहुतेक आया सुखरूप बाळंत होतात, कारण तपासण्या आहेत, सोनोग्राफी आहे, रक्त गोठू नये म्हणून औषधं आहेत. पण बाळंतपणानंतर अचानक दम लागला, छातीत दुखलं किंवा एका पायाला सूज आली, तर ‘होईल बरं’ म्हणत घरी बसायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. आपल्यापैकी कुणाच्या ताईवर, वहिनीवर उद्या ही वेळ आली, तर एवढं तरी लक्षात असू द्या. एमिलीला धोका कळत होता, पण हातात उपाय नव्हता. आपल्याकडे उपाय आहे.

तिचं पूर्ण भाषांतर १७५९ साली छापलं गेलं, नेमकं हॅलेचा धूमकेतू न्यूटनच्या नियमांप्रमाणे परत आला त्या वर्षी! फ्रेंचमध्ये आजही तेच भाषांतर प्रमाण मानतात.

आपण फाईल आदल्या रात्री पुरी करतो आणि वर कुरकुरतो. पुढच्या सबमिशनला एमिलीची आठवण ठेवा!