कै. लक्ष्मीबाई टिळक यांची काव्यविद्या

नाशिकजवळ गोदावरीच्या काठी जलालपूर नावाचे लहानसे गाव आहे. तेथील गोखले यांच्या घराण्यात १८६८ सालच्या जून महिन्याच्या पहिल्या तारखेस एक कन्या जन्मास आली. माहेरी तिला मनू म्हणत. सत्तावनच्या धामधुमीने या कुटुंबावर मोठा घाला घातला होता, आणि तेव्हापासून मनूच्या वडिलांस सोवळ्याचे असे विलक्षण वेड लागले होते की, बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घेतली जात नसे. अशा घरात मुलीच्या हाती पाटी कोण देणार? मनूला शाळा ठाऊक झाली नाही. तिच्या कानांवर मात्र पोथ्या, आरत्या, स्त्रियांची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या लहानपणापासून पडत होत्या. पुढे जी विद्या तिला साधली तिचा पाया डोळ्यांनी नव्हे तर कानांनी घातला गेला, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण तिच्या आयुष्यातील पुष्कळशा गोष्टींचा उलगडा येथे होतो.

अकराव्या वर्षी मनूचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले व ती लक्ष्मी झाली. टिळक रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे. ते बुद्धीने तीव्र, स्वभावाने तापट, अंतःकरणाने उदार आणि एका ठिकाणी स्थिर न राहणारे असे गृहस्थ होते. नाशकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले होते, तेव्हा वृत्ते, गण, अलंकार ही त्यांची नित्याची सामग्री होती. हातात आलेला पैसा दुसऱ्यास देऊन टाकावा आणि घरी चूल कशी पेटेल याची काळजी पत्नीवर सोपवावी, अशी त्यांची रीत असे. कवीच्या घरी नांदणे किती कठीण, हे ज्यांस जाणून घ्यावयाचे असेल त्यांनी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ अवश्य वाचावी. पण याच पतीने पत्नीस अक्षरओळख करून दिली. त्या काळी ब्राह्मण घराण्यातील तरुण नवऱ्याने बायकोस वाचावयास शिकविणे हे सासरच्या माणसांस रुचणारे काम नव्हते. शिक्षण झाले तेही खंडाखंडाने झाले. कधी टिळक घरी नसत, कधी गुरूचा राग अनावर होई, कधी घरात तान्हे मूल असे. तथापि मराठी अक्षरे त्यांच्या ओळखीची झाली.

१८९३ साली नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने टिळकांस नवा करार दिला. पुढे काय झाले ते आपल्या मंडळ्यांस ठाऊक आहे. १८९५ च्या फेब्रुवारी महिन्याच्या १० तारखेस टिळकांचा मुंबईस बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पती जिवंत असून नसल्यासारखा, पदरी लहान दत्तू, आणि चहूकडून दया व बोलणी यांचा सारखाच मारा. सुमारे साडेचार वर्षे त्या आप्तांच्या आश्रयाने राहिल्या व त्यांतील बराच काळ पंढरपुरात गेला. टिळकांची पत्रे येत. ती त्यांस स्वतः वाचता येत होती! ज्या अक्षरांसाठी पूर्वी घरात कुरबुर झाली होती, ती आता दुरावलेल्या दोन जिवांमधली एकच दोरी होऊन राहिली होती. याच वर्षांत लक्ष्मीबाई आपले दुःख पद्यात घालू लागल्या. ज्ञात्याच्या दृष्टीने ती पद्ये कशी होती याची चर्चा येथे करण्याचे कारण नाही. मन मोकळे करावयास दुसरे माणूस नव्हते, म्हणून त्यांनी छंदाचा आधार घेतला, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

अखेर त्या पतीकडे परत आल्या. आल्या त्या आपला धर्म न सोडता आल्या. टिळकांनीही त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. जातिभेद मनुष्याने केला, देवाने नव्हे, हे त्यांच्या मनास हळूहळू पटत गेले, आणि १९०० साली त्यांनी स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला. टिळक अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवीत असत. १९०४ साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. घरात अनाथ मुले वाढत होती, पाहुण्यांचा राबता होता, आणि या सर्व गलबल्यात टिळकांचे काव्य अखंड चालले होते.

येथे थोडे थांबून, कविता शिकणे म्हणजे काय शिकणे, हे सांगितले पाहिजे. मराठीत पद्यरचनेचे मार्ग अनेक आहेत. एक संस्कृतातून आलेला अक्षरगणवृत्तांचा. यात ऱ्हस्व व दीर्घ अक्षरांची जागा अगोदरच ठरलेली असते. तीन तीन अक्षरांचे आठ गण असतात. भुजंगप्रयातात प्रत्येक चरणाला बारा अक्षरे, शार्दूलविक्रीडितात एकोणीस. आणि एकही अक्षर इकडचे तिकडे झालेले चालत नाही. जोडाक्षर पुढे आले की मागचे ऱ्हस्व अक्षर बहुधा गुरू होते, हे विसरणारा नवशिका पदोपदी ठेचकाळतो. दुसरा मार्ग मात्रांचा. यात आर्या येते, पदे येतात. अक्षरे कितीही असोत, मात्रांचा हिशेब जुळावा लागतो. तिसरा मार्ग आपल्या संतांचा. थोरल्या अभंगात सहा, सहा, सहा व चार अशी अक्षरे, आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचे यमक. ओवीस तर अक्षरांचेही बंधन नाही. तीन चरणांचे यमक जुळवावे आणि चौथा चरण आखूड ठेवून श्वास सोडावा, की ओवी झाली. म्हणून ती सोपी वाटते. वस्तुतः जेथे नियम थोडे तेथे कानाची परीक्षा अधिक. आपल्या मंडळ्यांतून कित्येक उपदेशक बंधू भजनासाठी पदे जुळवितात. त्यांतील पुष्कळांस हे अनुभवाने ठाऊक असेल.

लक्ष्मीबाईंस पहिला मार्ग कोणी पद्धतशीर शिकविला नाही, आणि त्या वयात तो त्यांस शिकवून आलाही नसता. त्या शिकल्या त्या सहवासाने. घरात कवी मोठ्याने रचना म्हणतो, एक शब्द फेटाळतो, दुसरा घेतो, पुन्हा तीच ओळ म्हणतो. स्वयंपाकघरातील बाईच्या कानांत ती चाल मुरते, आणि कोणता शब्द बसला व कोणता नाही हे तिला कळू लागते. जात्यावर बसलेली मुलगी आईच्या मागे ओवी म्हणते तेव्हा याहून निराळे काय होते? नगर जिल्ह्यातील खेडे असो वा उरणजवळच्या मोऱ्याचा कोळीवाडा असो, गाणे पिढीमागून पिढी असेच उतरत आले आहे. भेद इतकाच की लक्ष्मीबाईंच्या घरी चाल म्हणणारा मनुष्य महाराष्ट्रातील नामांकित कवी होता.

याच घरी थोड्याच काळात आणखी एक शिष्य आला. १९०७ साली खानदेशात जळगाव येथे कविसंमेलन भरले. अध्यक्षस्थानी डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. हे गृहस्थ सरकारी वैद्यकखात्यात मोठ्या हुद्यावर काम केलेले असून वनस्पतिशास्त्रातही त्यांचा लौकिक होता. त्या सभेत धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा सतरा वर्षांचा मुलगा उभा राहिला आणि त्याने केलेल्या काव्यगायनाने थोरथोर कवी थक्क झाले. कीर्तिकरांनी त्यास बालकवी ही पदवी दिली, आणि महाराष्ट्र त्यास आजतागायत त्याच नावाने ओळखतो. टिळकांनी या मुलाचे गुण ओळखले व पुढे तो त्यांच्या घरी नगरास येऊन राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलाप्रमाणे वागविले.

एका छपराखाली तिघे कवी! एक पन्नाशीकडे झुकलेला, कीर्तिमान. एक चाळिशीतली गृहिणी, जिचे शाळेतले शिक्षण शून्य. एक मिसरूड न फुटलेला मुलगा, ज्यास निसर्गानेच सर्व शिकवून पाठविले होते असे वाटावे. ठोमऱ्यांस टिळकांपासून काय मिळाले याविषयी विद्वानांत मतभेद होऊ शकतील. निर्झर, फुले, तारका यांच्याकडे पाहण्याची त्यांची दृष्टी उपजतच होती, ती कोणी दिली नाही. परंतु फुलांवर व मुलांवर प्रेम करणारा कवी म्हणून टिळकांची ख्याती होती, आणि तरुण कवीस आपल्यासारख्याच मनाच्या वडील माणसाचा आधार लाभला ही लहान गोष्ट नव्हे. ठोमरे अखेरपर्यंत हिंदूच राहिले. टिळकांच्या घरात शिष्य होण्यासाठी धर्म बदलावा लागत नसे, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. १९१८ सालच्या मे महिन्याच्या ५ तारखेस जळगावाजवळ भादली स्टेशनापाशी आगगाडीखाली सापडून बालकवींचा अंत झाला. त्यांस अठ्ठाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. लक्ष्मीबाईंनी पुढे आपल्या आठवणींत या मुलाचे जे चित्र काढले आहे ते वाचताना, लिहिणारी बाई कवयित्री आहे हे आपण विसरतो व ती आई आहे एवढेच दिसते.

टिळकांनी १९०९ साली एक मोठे काम हाती घेतले होते. प्रभू येशू ख्रिस्ताचे समग्र चरित्र मराठी ओवीत गावयाचे, असा त्यांचा संकल्प होता. ग्रंथाचे नाव ‘ख्रिस्तायन’. हा प्रयत्न मराठीत अगदी नवा नव्हता. गोमंतकात फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले व ते १६१६ साली छापून निघाले. इंग्लंडात जन्मलेल्या या मनुष्याने मराठी संतांची ओवी इतकी आत्मसात केली होती, की तो ग्रंथ वाचून आजही आश्चर्य वाटते. परंतु तो रोमन अक्षरांत छापलेला असल्यामुळे देशावरील लोकांच्या हाती फारसा आलाच नाही. ‘ख्रिस्तायन’ देवनागरीत, चालू भाषेत व्हावयाचे होते. पण टिळकांस सवड कोठली? १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन, कीर्तने, उपासनेची गायने, लोकांची गाऱ्हाणी. १९१७ साली तर त्यांनी मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापण्याच्या खटपटीस लागले. १९१९ च्या मे महिन्याच्या ९ तारखेस मुंबईत त्यांचे देहावसान झाले, तेव्हा ‘ख्रिस्तायना’चे दहा-अकरा अध्याय काय ते झाले होते.

बालकवींस जाऊन पुरते एक वर्ष आणि चार दिवस लोटले होते. जेथे तिघे होते तेथे एकटी शिष्या उरली. लक्ष्मीबाईंनी मुंबईस मुलींच्या वसतिगृहात काम केले, काही काळ त्या मुलाच्या कुटुंबाबरोबर कराचीस राहिल्या. वय पन्नाशीच्या पुढे गेले होते. आणि अशा स्थितीत पतीचा अपुरा ग्रंथ पुरा करावा असे त्यांनी मनात घेतले.

या संकल्पाचे वजन वाचकांनी नीट पाहावे. टिळकांचे अध्याय संस्कृतज्ञ पंडिताच्या हातचे. त्यापुढे आपली ओवी ठेवणे म्हणजे रेशमी शालूस सुती लुगडे जोडण्यासारखे होईल, असे कोणीही म्हटले असते, व म्हणणारे असतीलही. चूक दाखविणारा गुरू आता नव्हता. शब्द अडला तर विचारावे कोणास? शिवाय विषय शुभवर्तमानाचा. कवीने मनचे घालावे तर पवित्र कथेस बाध येतो, न घालावे तर काव्य कोरडे होते. ग्रंथ अपुरा ठेवला असता तर त्यांस कोणी दोष दिला नसता. तरी त्या बसल्या, आणि थोडेथोडके नव्हे तर चौसष्ट अध्याय त्यांनी रचले. टिळकांच्या भागाच्या पाचपटीहून हे अधिक भरते.

आमच्या मते सुती लुगड्याने शालूची नक्कल केली नाही, यातच त्यांचे शहाणपण आहे. टिळकांची भाषा त्यांनी उसनी घेतली नाही. ओवी त्यांना जलालपुरापासून ठाऊक होती. तिला दळणाचा, पाण्याच्या घागरीचा, लेकरांच्या आजारपणाचा संसार नवा नव्हता. आणि गालीलातील कोळी व शोमरोनातील विहिरीवरची स्त्री यांचा संसार तरी दुसरा कोणता होता? जेथे शास्त्रार्थ यावयाचा तेथे त्यांची रचना कधी कधी सपाट होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. सर्व चौसष्ट अध्यायांत एकसारखा रस नाही. परंतु गावच्या मंडळीत रात्री कंदिलाच्या उजेडात वाचावयास घेतले तर निरक्षर म्हातारीसही शब्दाचा अर्थ विचारावा लागणार नाही, अशी ती ओवी आहे.

पुत्र देवदत्त यांच्या आग्रहावरून त्या आपल्या आठवणीही लिहू लागल्या होत्या, आणि १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागांनी प्रसिद्ध झाली. या पुस्तकाने त्यांचे नाव ख्रिस्ती समाजाबाहेर घरोघर नेले. मराठी गद्यातील अग्रगण्य आत्मचरित्रांत त्याची गणना होते, व ती योग्यच आहे. पुष्कळ लोक त्या गद्याच्या साधेपणाचे कौतुक करतात. पण त्यातील वाक्य कोठे आखूड होते आणि कोठे थांबते हे जो कान देऊन ऐकेल, त्यास ओवीचा चौथा चरण आठवल्यावाचून राहणार नाही.

१९३६ च्या फेब्रुवारी महिन्याच्या २४ तारखेस नाशिक येथे लक्ष्मीबाई निवर्तल्या. ‘ख्रिस्तायन’ ग्रंथरूपाने बाहेर पडले ते त्यांच्या पश्चात. त्यांच्या सुट्या कवितांचेही पुस्तक मागाहून निघाले. त्याचे नाव ‘भरली घागर’ असे आहे.