पित्याच्या शोधात पुत्र भेटला
(कै. नारायण वामन टिळक ह्यांचे चरित्र)

खेड्यापाड्यांत शुभवर्तमान सांगत असता आपल्या उपदेशकांस एक प्रश्न हटकून विचारला जातो. देव जर एकच आहे, तर त्याला पुत्र कसा? आणि पुत्र असेल तर देव दोन झाले की नाही? ह्या प्रश्नाने पुष्कळ उपदेशक गोंधळतात, व कित्येक तर विषयच बदलतात. तसे करण्याचे कारण नाही. आपल्याच कोकणात जन्मलेल्या एका थोर पुरुषाने हा प्रश्न केवळ बुद्धीने नव्हे, तर सर्व आयुष्य खर्चून सोडविला. त्याचे चरित्र येथे थोडक्यात देत आहो.

नारायण वामन टिळक ह्यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण घराण्यात झाला. त्यांचे वडील वामनराव सरकारी नोकरीत असून स्वभावाने अत्यंत कडक होते. मुलाला त्यांचे भय फार, पण माया थोडी मिळाली. आई जानकीबाई मात्र प्रेमळ, भाविक व कवितेची आवड असलेली होती. नारायणाच्या ठायी जे कोमल व रसाळ होते, ते तिजकडून आले. तो सुमारे अकरा वर्षांचा असता ही माउली वारली. मग त्या घरात त्याचे मन रमेना. तो घर सोडून नाशिकास गेला आणि तेथे मोठ्या कष्टाने संस्कृत विद्या शिकला. ज्याला पृथ्वीवरील बापाच्या प्रेमाचा अनुभव थोडा, त्याच्या अंतःकरणात स्वर्गीय पित्याची भूक उत्पन्न व्हावी, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पुढे त्यांचा विवाह नाशिकाजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील मुलीशी झाला. ह्याच त्या प्रसिद्ध लक्ष्मीबाई टिळक. टिळकांचे चित्त एका ठिकाणी स्थिर होत नसे. कोठे शिक्षकी, कोठे कीर्तन, कोठे व्याख्यान, असे ते गावोगाव फिरले. नागपुरास असता त्यांनी ऋषि नावाचे मासिक चालविले व त्यात धर्माची चर्चा केली. देशाची उन्नती धर्मावाचून होणार नाही, आणि जातिभेदाने विस्कळीत झालेल्या लोकांस एकत्र बांधील असा धर्म पाहिजे, असे त्यांस वाटू लागले. पुष्कळ चिंतनानंतर त्यांनी आपल्यापुरती काही तत्त्वे ठरविली. जगाचा कर्ता एक असून तो मनुष्यांस आपली लेकरे मानतो. त्याजवर पिता म्हणून प्रीती करणे व सर्व मनुष्यांस भाऊ समजणे हेच धर्माचे सार होय. पुनर्जन्म नाही, व मूर्तिपूजेसारखे पाप नाही.

वाचकहो, येथे थोडे थांबा. ख्रिस्ताची ओळख होण्यापूर्वीच ह्या गृहस्थास देव पिता आहे असे वाटू लागले होते. मग त्यांस उणे काय होते? उणे हे होते की, तो पिता त्यांच्या विचारात होता, डोळ्यांपुढे नव्हता. परदेशी गेलेल्या बापाचे नाव मुलाला ठाऊक असावे, पण त्याचे मुख कधी पाहिलेले नसावे, तशी त्यांची स्थिती होती. बाप आहे, एवढे कळल्याने त्याचे मन कसे आहे हे कळत नाही.

१८९३ साली टिळक नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने जात होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. त्यांनी टिळकांशी सौजन्याने बोलणे केले, ख्रिस्ताविषयी काही सांगितले व नव्या कराराची एक प्रत त्यांस दिली. तुम्ही दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांस ते त्या वेळी पटले नाही. तथापि पुस्तक वाचण्याचे वचन त्यांनी पाळले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापर्यंत ते आले, आणि पुढे पुस्तक खाली ठेवणे त्यांस अशक्य झाले. ज्या पित्याची त्यांनी तर्काने कल्पना केली होती, त्याच पित्याविषयी येथे कोणी एक अगदी घरच्यासारखा बोलत होता. तो पित्याविषयी अनुमान करीत नव्हता. तो त्याजपासून आला होता.

पुढे मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनाच्या डॉ. ॲबट ह्यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत जबर पडली. आप्त दूर झाले, जात गेली. सर्वांत मोठे दुःख हे की, पत्नी लक्ष्मीबाई व लहानगा मुलगा दत्तू ह्यांचा वियोग झाला. सुमारे पाच वर्षे हे कुटुंब दुभंगलेले राहिले. पित्याला पुत्राचे मुख दिसेना, अशी ती वर्षे होती. पुढे लक्ष्मीबाई मुलासह त्यांजकडे राहावयास आल्या, आणि जातिभेद मनुष्यकृत आहे अशी स्वतःच्या विचाराने खात्री पटल्यावर १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी त्यांजवर बळजबरी केली नाही. पित्याकडे लेकराला ओढून नेता येत नाही, हे ते जाणून होते.

तेव्हाच्या अहमदनगर येथे टिळकांनी ईश्वरविज्ञानाच्या शाळेत शिकविले, १९०४ साली त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली, आणि १९१२ पासून मरेपर्यंत ज्ञानोदय पत्राच्या मराठी भागाचे संपादन त्यांनी केले. परंतु आपल्या खेड्यांतील मंडळ्यांस ते विशेषतः भजनांमुळे ठाऊक आहेत. त्यांनी शेकडो पदे व अभंग रचिले. वारकरी ज्या चालीवर आपले अभंग गातात, त्या चालीवर ख्रिस्ती मंडळी आपल्या प्रभूची स्तुती गाऊ लागली. तुकोबाच्या भक्तीच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानीत.

ह्या अभंगांत टिळक ख्रिस्ताला गुरू म्हणतात आणि माउलीही म्हणतात. कोणी विचारील, पुत्राला माउली म्हणणे हे विचित्र नव्हे काय? विचार केला असता त्यात मोठे सत्य आढळते. पित्याच्या हृदयात जी ममता आहे, तीच सर्व पुत्राच्या ठायी प्रगट झाली. पिता कठोर व पुत्र तेवढा कनवाळू, पित्याचा क्रोध पुत्राने कसाबसा आवरला, अशी समजूत आपल्या काही मंडळ्यांत आढळते. ती खोटी आहे. पित्याने जगावर प्रीती केली म्हणूनच पुत्राला पाठविले. दोघांची इच्छा एक, प्रीतीही एकच.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. इ. स. ३२५ मध्ये निकीया नगरात मंडळीच्या अध्यक्षांची मोठी सभा भरली. पुत्र हा उत्पन्न केलेला प्राणी असून एके काळी तो नव्हता, असे आरियस नावाचा पाळक शिकवीत असे. सभेने ते मत नाकारिले व पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे असे ठरविले. दिव्यावरून दिवा लावला असता प्रकाश निराळ्या जातीचा होत नाही; परंतु तेथे दिवे दोन होतात, म्हणून हा दृष्टांतही अपुरा आहे. सूर्य व त्याचे तेज हा अधिक जवळचा. तेजावाचून सूर्य कधी नव्हता. तथापि तेवढ्यावरही थांबू नये, कारण पुत्र हा नुसते तेज नव्हे. त्याने गेथशेमाने बागेत पित्याची प्रार्थना केली व पित्याने त्याचे ऐकिले. प्रीती करणारा आणि जिजवर प्रीती केली जाते ती व्यक्ती, हे दोन्ही देवाच्या ठायी अनादि आहेत. म्हणून देव एकच असता तो कधी एकाकी नव्हता.

आणि आपण? तो स्वभावाने पुत्र आहे; आपण कृपेने दत्तक घेतलेले आहो. दत्तक मुलालाही घराचे नाव व वतन मिळते, पण ते औरस पुत्रासोबत व त्याच्यामुळे. ज्यांस गावात कधी वतन नव्हते, ज्यांस वेशीबाहेर ठेविले गेले, त्यांस ही गोष्ट कोणी फोडून सांगावी लागत नाही.

१९१७ साली टिळकांनी मिशनाची नोकरी सोडली व साताऱ्यास देवाचा दरबार स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व शिष्य एका बंधुत्वात यावे, असा त्यांचा हेतू होता. परंतु शरीर थकले होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते प्रभूत निजले.

त्यांनी आरंभिलेले ख्रिस्तायन हे ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य अपुरेच राहिले. पुढील बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचिले, आणि शेवटचा अध्याय त्यांचे चिरंजीव देवदत्त ह्यांनी लिहिला. १९३८ साली तो ग्रंथ छापून निघाला. ज्या मुलाच्या वियोगाचे दुःख टिळकांनी भोगले, त्याच मुलाने बापाचे काम सिद्धीस नेले. बापाचे मन ज्याला कळते, तोच त्याचे काम पुरे करू शकतो.

तर उपदेशक बंधूंनो, पुन्हा कोणी वेशीवर तो प्रश्न विचारिला, तर भिऊ नका. कोकणातील एका पोरक्या मुलाची ही गोष्ट सांगा. त्याने पित्याला पुष्कळ शोधिले, पण पुत्र भेटेपर्यंत त्याला पित्याचे मुख दिसले नाही.