विश्लेषण : गोळी लांब, तर पीळ किती? जोसेफ व्हिटवर्थ यांनी सोडवलेले कोडे आजही का महत्त्वाचे?

शेतातल्या उपद्रवी प्राण्यांच्या शिकारीसाठी अमेरिकेत खास हलक्या, वेगवान रायफली वापरल्या जातात. तिथले अनेक नेमबाज आपली काडतुसे घरीच भरतात. त्यांना पहिला प्रश्न पडतो तो नळीच्या पिळाचा. या नळीला कोणती गोळी मानवेल? या प्रश्नाचा पद्धतशीर शोध घेणारे जोसेफ व्हिटवर्थ मुळात बंदूकवाले नव्हतेच. यंत्रशाळेत नट-बोल्टच्या आट्यांसाठी ज्यांचे नाव अजूनही घेतले जाते, तेच हे व्हिटवर्थ. त्यांची रायफल तिच्या काळातल्या लष्करी रायफलींत सर्वांत अचूक ठरली, तरीही लष्कराने ती नाकारली. असे का झाले?

कोण होते जोसेफ व्हिटवर्थ?

व्हिटवर्थ यांचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमधील स्टॉकपोर्ट येथे झाला. वडील शिक्षक होते, पुढे ते धर्मोपदेशक झाले. जोसेफ लहान असतानाच आई वारली. वयाच्या १४व्या वर्षी त्यांना काकांच्या सूतगिरणीत कामाला लावण्यात आले. पुढे गिरणीची सूत्रे हाती येतील, असा घरच्यांचा हिशेब होता. पोराचे मन मात्र सुतापेक्षा यंत्रांतच रमले. काही वर्षांनी गिरणी सोडून ते मँचेस्टरला साधे कारागीर म्हणून कामाला लागले.

१८२५ मध्ये ते लंडनला गेले आणि हेन्री मॉडस्ली यांच्या प्रसिद्ध कारखान्यात दाखल झाले. पुढे जोसेफ क्लेमंट यांच्याकडेही त्यांनी काम केले. चार्ल्स बॅबेज यांच्या गणनयंत्राचे सुटे भाग तिथेच घडत होते. १८३३ मध्ये मँचेस्टरला परतून त्यांनी स्वतःचा कारखाना काढला.

नट-बोल्टशी त्यांचे नाव का जोडले जाते?

त्या काळी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसत नसे. यंत्र बिघडले, की बोल्ट नव्याने घडवावा लागे. व्हिटवर्थ यांनी अनेक कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, मोजले आणि १८४१ मध्ये सर्वांसाठी एकच माप सुचवले. आट्याचा कोन ५५ अंश आणि प्रत्येक जाडीसाठी इंचामागे ठरलेले आटे. पाव इंची बोल्टला २०, अर्ध्या इंचीला १२. हेच ते बीएसडब्ल्यू आटे. ब्रिटिश काळात ते भारतातल्या रेल्वे कार्यशाळांतही आले आणि जुन्या यंत्रांवर काम करणाऱ्या आपल्याकडच्या फिटरांना आजही ते ठाऊक असतात.

खरा सपाट पृष्ठभाग कसा बनवायचा, याचीही पद्धत त्यांनी रूढ केली. दोनच पाट एकमेकांवर घासून जुळवले, तर एक किंचित फुगीर आणि दुसरा तेवढाच खोलगट राहू शकतो. तरीही ते तंतोतंत जुळल्यासारखे वाटतात. तिसरा पाट घेऊन तिन्ही आलटून पालटून जुळवले, की ही लबाडी उघडी पडते. इंचाच्या दहा लाखाव्या भागाचा फरक दाखवणारे मोजमाप यंत्रही त्यांनी बनवले. अंदाजावर काम करायचे नाही, आधी मोजायचे, ही त्यांची सवय बंदुकीपर्यंत पोहोचायला मात्र एक युद्ध व्हावे लागले.

ते बंदुकीकडे कसे वळले?

१८५४ मध्ये ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरले. सैन्याला एन्फिल्ड रायफली मोठ्या संख्येने आणि लवकर हव्या होत्या. बंदुका तेव्हा बऱ्याच अंशी हाताने घडत. काही नळ्या उत्तम मारा करत, तर काही तशाच दिसणाऱ्या नळ्या साफ चुकत. त्याचे कारण कारागिरांनाही सांगता येत नसे. सरकारने व्हिटवर्थ यांना या रायफली बनवणारी यंत्रे तयार करण्याबाबत विचारले.

त्यांची भूमिका वेगळी होती. चांगली नळी कशामुळे चांगली ठरते, हेच ठाऊक नसेल, तर यंत्र नेमके काय बनवणार? आधी प्रयोग करू द्या, असा आग्रह त्यांनी धरला. सरकारने प्रयोगांचा खर्च उचलला, व्हिटवर्थ यांनी स्वतःच्या कामाचा मोबदला घेतला नाही. मँचेस्टरजवळ फॅलोफील्ड येथे त्यांच्या घराच्या आवारात ५०० यार्ड लांबीची बंदिस्त चाचणीशाळा उभी राहिली. वाऱ्याने गोळी भरकटू नये, हा तिचा हेतू. ती उभी राहते न राहते तोच वादळाने कोसळली आणि पुन्हा बांधावी लागली. १८५५ मध्ये प्रयोग सुरू झाले. गोळीच्या वाटेत ठरावीक अंतरावर पातळ कागदाचे पडदे टांगले जात. प्रत्येक पडद्यावरच्या छिद्रावरून गोळी कुठल्या वाटेने गेली आणि वाटेत डुलली का, हे कळत असे.

नळीचा पीळ म्हणजे काय?

रायफलीच्या नळीत आतून नागमोडी नव्हे, तर मळसूत्रासारख्या वळत जाणाऱ्या खाचा असतात. त्यांतून जाताना गोळी स्वतःभोवती फिरू लागते. किती इंचांत एक पूर्ण फेरा होतो, त्यावरून पीळ सांगितला जातो. इंच जितके कमी, तितका पीळ घट्ट आणि गोळीची गिरकी वेगवान.

भोवरा जोरात फिरतो तोवर ताठ उभा राहतो. फिरणे मंदावले, की डुलतो आणि आडवा होतो. गोळीचेही तसेच आहे. हवेचा दाब लांबट गोळीला पुढून उलटवू पाहतो. गोळी जितकी लांब, तितका हा जोर मोठा आणि तो पेलण्यासाठी गिरकीही तितकीच वेगवान लागते. ती कमी पडली, तर गोळी हवेत कलंडते आणि निशाणावर गोल छिद्राऐवजी आडवी चीर उमटते.

व्हिटवर्थ यांना काय सापडले?

तेव्हाच्या एन्फिल्ड रायफलीची नळी ०.५७७ इंच व्यासाची होती आणि तिचा पीळ ७८ इंचांत एक फेरा इतका सैल होता. नळी ३९ इंचांची, म्हणजे गोळी बाहेर पडेपर्यंत जेमतेम अर्धा फेरा पूर्ण होई. व्हिटवर्थ यांनी वेगवेगळ्या पिळाच्या नळ्या बनवून मारा केला. एका इंचात एक फेरा घेणाऱ्या नळीतूनही त्यांनी गोळी सोडून पाहिली.

गोळीचे वजन त्यांनी एन्फिल्डइतकेच, सुमारे ५३० ग्रेन ठेवले, पण नळी ०.४५१ इंचांवर आणली. वजन तेच आणि जाडी कमी, म्हणजे गोळी लांब होणारच. अशी सडपातळ गोळी हवा अधिक सहज कापते आणि दूरवर वेग टिकवते. ती व्यासाच्या तीन ते साडेतीन पट लांब होती, त्यामुळे तिला सैल पीळ चालेना. अखेर त्यांनी २० इंचांत एक फेरा हा पीळ पक्का केला.

इथे नवी अडचण आली. इतक्या घट्ट पिळात मऊ शिशाची गोळी खाचांना न जुमानता सरळ घसरत बाहेर पडण्याची भीती होती. त्यावर उपाय म्हणून त्यांनी नळीचे पोकळ अंगच षटकोनी केले आणि त्यात तंतोतंत बसणारी षटकोनी गोळी बनवली. नळी वळेल तशी गोळी वळणारच. गोळी, नळी आणि पीळ या तीन स्वतंत्र वस्तू नसून एकाच जोडणीचे भाग आहेत, हा या प्रयोगांचा गाभा होता.

अचूक असूनही रायफल का नाकारली गेली?

१८५७ मध्ये हाइथ येथे दोन्ही रायफलींची तुलना झाली. ५०० यार्डांवर एन्फिल्डच्या गोळ्या सरासरी सव्वादोन फूट भरकटल्या, तर व्हिटवर्थच्या अवघ्या साडेचार इंच. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डन येथे नॅशनल रायफल असोसिएशनच्या पहिल्या स्पर्धेचे उद्घाटन राणी व्हिक्टोरिया यांनी केले. स्टँडवर बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलीची दोरी त्यांनी ओढली आणि ४०० यार्डांवरील निशाणाच्या मध्यापासून दीड इंचाच्या आत गोळी लागली.

पण सैन्याच्या दृष्टीने केवळ अचूकता पुरेशी नव्हती. ही ठासणीची बंदूक होती. काळ्या दारूची काजळी नळीत साचली, की पुढची घट्ट बसणारी गोळी आत ढकलणे कठीण होई. गर्दीच्या लढाईत शिपायाला ते परवडणारे नव्हते. किंमतही एन्फिल्डच्या कितीतरी पट होती. शिवाय एवढी बारीक नळी लष्करी कामाची नाही, असेही अधिकाऱ्यांना वाटत होते.

काही रायफली अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडील राज्यांच्या निवडक नेमबाजांच्या हाती पोहोचल्या. ९ मे १८६४ रोजी स्पॉटसिल्व्हेनिया येथे उत्तरेचे सेनानी जॉन सेजविक दूरवरून आलेल्या गोळीने ठार झाले. ती गोळी व्हिटवर्थ रायफलीतून सुटली होती, असे मानले जाते. वाऱ्यापासून जपलेल्या चाचणीशाळेत कागदाला छिद्रे पाडणारी अचूकता रणांगणावर कशासाठी वापरली जाणार, हे त्यातून उघड झाले.

मग त्यांचा पीळ वाया गेला का?

नाही. १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने मार्टिनी-हेन्री रायफल स्वीकारली. तिची नळी ०.४५ इंचाची होती आणि पीळ २२ इंचांत एक फेरा. खाचांची रचना अलेक्झांडर हेन्री यांची होती आणि काडतूस मागून भरले जाई, पण बारीक नळी, लांब गोळी आणि घट्ट पीळ हे सूत्र व्हिटवर्थ यांच्या वाटेवरचेच होते.

१८७९ मध्ये वुलविच येथे तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणारे आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी या विषयाला सोपे गणित दिले. गोळी आपल्या व्यासाच्या किती पट लांब आहे ते पाहा आणि त्या आकड्याने १५० ला भागा. येईल तितक्या व्यासांत एक फेरा हवा. व्हिटवर्थ यांच्या गोळीला हे लावले, तर उत्तर सुमारे १९ ते साडेबावीस इंच येते. त्यांचे २० इंच नेमके त्यात बसतात. जे गणिताने नंतर सांगितले, ते त्यांनी आधी मोजून मिळवले होते.

आजच्या नेमबाजाला याचा काय उपयोग?

आजच्या वेगवान रायफलींसाठी याच सूत्रात १५० ऐवजी १८० घेण्याचा प्रघात आहे. ०.२२४ इंच व्यासाची, ५५ ग्रेनची, साधारण पाऊण इंच लांब गोळी घेतली, तर १२ इंचांत एक फेरा पुरतो. त्याच नळीत इंचाहून लांब, ७५ ते ८० ग्रेनची गोळी भरली, तर ती डुलू लागते. तिला आठ इंचांच्या आसपासचा पीळ हवा. इथे वजनापेक्षा लांबी महत्त्वाची. निव्वळ तांब्याची गोळी त्याच वजनाच्या शिसे भरलेल्या गोळीपेक्षा लांब असते, म्हणून तिला अधिक घट्ट पीळ लागतो.

हे गणित बाजारातही महागात पडते. १९५५ मध्ये सहा मिलिमीटर वर्गातली दोन काडतुसे अमेरिकेत आली. विंचेस्टरने आपल्या .२४३ साठी १० इंचांचा पीळ दिला, त्यामुळे १०० ग्रेनची लांब गोळीही चालली. रेमिंग्टनने .२४४ हे मुख्यतः उपद्रवी प्राण्यांसाठीचे काडतूस मानून १२ इंचांचा पीळ ठेवला आणि हलक्या गोळ्यांवर भर दिला. एकाच रायफलीत हरणाचीही शिकार साधावी, असे वाटणारे ग्राहक विंचेस्टरकडे वळले. १९६३ मध्ये रेमिंग्टनने ९ इंचांचा पीळ देऊन तेच काडतूस नव्या नावाने आणले, तोवर उशीर झाला होता.

अखेरची वर्षे कशी होती?

१८६८ मध्ये व्हिटवर्थ यांनी तरुण अभियंत्यांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. पुस्तकी परीक्षेबरोबर हातातले कसबही त्यात तपासले जाई. पुढच्या वर्षी त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग लोकोपयोगी कामांना गेला. मँचेस्टरचे व्हिटवर्थ कलादालन त्यातूनच उभे राहिले. ज्या कारखान्याच्या मालकाशी तोफांच्या कंत्राटांवरून त्यांची वर्षानुवर्षे चुरस चालली, त्या आर्मस्ट्राँग यांच्याच कंपनीत १८९७ मध्ये त्यांची कंपनी विलीन झाली.

त्यांची षटकोनी नळी आज संग्रहालयात पाहायला मिळते आणि त्यांच्या आट्यांची जागाही बहुतांशी मेट्रिक आट्यांनी घेतली आहे. कामाची पद्धत मात्र टिकली. नवी गोळी भरण्यापूर्वी तिची लांबी मोजणारा आणि नळीचा पीळ तपासणारा प्रत्येक नेमबाज फॅलोफील्डच्या चाचणीशाळेतलाच प्रयोग पुन्हा करत असतो.