विरोधकाचा मुद्दा जाणणारा वक्ता : नामदार गोखले

गणेशोत्सव म्हटला की लोकमान्य टिळकांचे नाव ओठावर येणारच. यंदाच्या स्मरणिकेसाठी मी मात्र त्यांच्याच काळातल्या, त्यांच्याशी ज्यांचे मतभेद गाजले अशा नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांविषयी लिहीत आहे. त्यांची गाजलेली भाषणे आपल्या या कोलकात्यातच झाली, हे आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात नसते.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूकचा. घरची गरिबी. १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाल्यावर ते पुण्यात शिक्षक झाले, पुढे फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. त्यांनी अंकगणिताचे पाठ्यपुस्तकही लिहिले. न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली सरकारी अहवाल वाचून त्यातले आकडे तपासण्याची शिस्त त्यांना लागली.

१८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडला गेले होते. त्याच वेळी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तातील गोऱ्या सैनिकांनी अत्याचार केल्याची पत्रे त्यांना आली. त्यांनी ती हकीकत तिथे जाहीर केली, पण परतल्यावर पुरावा हाती लागेना. त्यांनी जाहीर माफी मागितली आणि स्वकीयांची टीका सोसली. पुढे आकड्याशिवाय न बोलण्याची त्यांची जी ख्याती झाली, तिच्यामागे हा चटका असावा असे मला वाटते.

व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाची बैठक तेव्हा कोलकात्याच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये भरे. अध्यक्षस्थानी स्वतः व्हाइसरॉय आणि सभागृहात सरकारी सभासदांचे बहुमत. २६ मार्च १९०२ रोजी लॉर्ड कर्झनसमोर गोखल्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. तिजोरीत शिल्लक आहे, म्हणजे देश सुखी आहे, असा सरकारचा दावा होता. गोखल्यांनी शिल्लक नाकारली नाही. ती आली कुठून, एवढेच सरकारच्याच आकड्यांतून दाखवले. रुपया घसरत असताना तूट भरून काढण्यासाठी कर वाढवले गेले. पुढे रुपया सोळा पेन्सांवर स्थिरावला, विलायतेला पाठवायच्या रकमेचा बोजा हलका झाला, पण कर तसेच राहिले. म्हणजे शिल्लक ही समृद्धीची नव्हे, जादा वसुलीची खूण. मिठावरचा कर तेव्हा मणामागे अडीच रुपये होता. तो १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. श्रेय एकट्या गोखल्यांचे नव्हे, पण ती मागणी त्यांनी दरवर्षी लावून धरली होती.

मी रेल्वेचा माणूस, म्हणून एक गोष्ट सांगतो. शिलकीचा पैसा रेल्वेबांधणीत घालू नये, असे ते म्हणत. रेल्वे कर्ज काढूनही बांधता येईल, शिल्लक शिक्षण आणि आरोग्याकडे वळवावी, हा त्यांचा हिशेब. मी रेल्वेची बाजू मनात घेऊन वाचायला बसलो, तरी मला तो खोडता आला नाही.

त्यांची खरी कसोटी लागली ती प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकात. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी ते मांडले. आमच्याकडे रुळाच्या कामासाठी ट्रॅफिक ब्लॉक मागताना, कोणती गाडी किती मिनिटे अडेल हे आधीच लिहून नेणाऱ्याचे काम होते. नुसते काम महत्त्वाचे आहे म्हणणारा हात हलवत परत येतो. गोखल्यांनी विधेयक तसेच बेतले होते. सक्ती लोकांना रुचणार नाही? मग ती देशभर नको. जी नगरपालिका वा लोकल बोर्ड तयार असेल तिथेच, तीही सरकारच्या संमतीने आणि आधी सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती. पालक गरीब आहेत? महिना दहा रुपयांखाली उत्पन्न असणाऱ्याला फी माफ. पोर शेतावर लागते? हंगामाच्या कामासाठी गैरहजेरीची सवलत. हिंदुस्थानात हे जमणार नाही? सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सुरुवात करून १९०६ मध्ये सगळ्या बडोदे संस्थानात ते जमवले होते.

तरीही १९ मार्च १९१२ रोजी विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. ते पडणार हे गोखल्यांना ठाऊक होते. आमच्या पिढीच्या वाट्याला अपयशातून सेवा करणेच आले आहे, अशा आशयाचे बोलून त्यांनी विषय पुढच्यांच्या हाती सोपवला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते गेले.

तीनच वर्षांनी, १९१८ मध्ये, विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्यात नगरपालिकांना सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा कायदा करून घेतला. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देशभर लागू झाला.

मते मोजली तर गोखले हरले. पण त्या ३८ जणांनी कोणती कारणे दिली होती, हे आज कुणाला आठवत नाही. आपली मुले शाळेत जातात, एवढे आपल्याला दिसते. मंडळाच्या सभांतही आपण हिरिरीने वाद घालतो. घालावेतच. फक्त उठून उत्तर देण्याआधी समोरच्याचा मुद्दा त्याला पटेल अशा शब्दांत आपल्याला मांडता येतो का, एवढे पाहावे. बुद्धीच्या देवतेच्या उत्सवात एवढा संकल्प पुरेसा आहे.