कोअर आठ, पण कुलूप एकच! कर्नलमधील रांगेचा अभ्यास करणारे एड्सगर डायकस्ट्रा

तुमच्या फोनमध्ये आठ कोअर असतील. पण कर्नलमधील एकाच माहितीत दोन कोअरनी एकदम बदल केला, तर ती बिघडते. म्हणून तिला ‘लॉक’ लागते. किल्ली एकाकडे आणि बाकीचे ताटकळलेले, अशी वेळ आली की आठ कोअर असून नसल्यासारखेच. या रांगेचे शास्त्र उभे करणाऱ्यांत अग्रणी नाव एड्सगर डायकस्ट्रा यांचे.

जन्म ११ मे १९३०, नेदरलँड्समधील रॉटरडॅमचा. लायडनला भौतिकशास्त्र शिकत असतानाच १९५२मध्ये ते अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रामर झाले. १९५७मध्ये लग्नाच्या नोंदणीत हा व्यवसाय लिहिला, तर अधिकाऱ्यांनी तो मान्यच केला नाही!

धास्ती कसली होती?

‘एक्स १’ या नव्या संगणकात, चालू प्रोग्राम मध्येच थांबवून दुसरे काम उरकण्याची सोय सहकाऱ्यांना हवी होती. डायकस्ट्रा घाबरले. प्रोग्राम नेमका कुठे तुटेल हे आधी कळणार नाही आणि चूक झालीच, तर ती पुन्हा घडवून तपासताही येणार नाही. त्यांनी काही महिने निर्णय लांबवला, मग ते काम अंगावर घेतले. याच कामाच्या जोरावर १९५९मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. ती धास्ती मात्र रास्तच होती. कर्नल लिहिणारे आजही तिच्याशी झुंजतात.

सेमाफोर म्हणजे काय?

१९६२मध्ये ते आइंडहोव्हनला प्राध्यापक झाले. तिथे त्यांनी रेल्वेच्या सिग्नलवरून नाव घेतलेला ‘सेमाफोर’ वापरात आणला. हा एक साधा आकडा. आत जाताना तो एकने कमी करायचा, बाहेर पडताना एकने वाढवायचा. शून्य असेल तर प्रोग्रामने झोपी जायचे. जागा मोकळी झाली की त्याला उठवले जाते. एरवी थांबलेला प्रोग्राम ‘झाले का, झाले का’ असे विचारत प्रोसेसरचा वेळ खात असे. अर्थात झोपवण्या-उठवण्यालाही खर्च येतोच. त्यामुळे क्षणभराच्या कामासाठी कर्नल आजही जागीच घिरट्या घालत थांबतो.

१९६५मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना कोडे घातले : पाच संगणक, सामायिक टेप यंत्रे आणि प्रत्येकाला एकावेळी दोन हवीत. प्रत्येकाने एकेक अडवून ठेवले तर? सगळेच कायमचे अडकतात. हेच कोडे पुढे ‘जेवायला बसलेले तत्त्वज्ञ’ म्हणून गाजले.

१९७२मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८४पासून ते ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात होते. त्यांची टिपणे तेराशेहून अधिक भरतात; त्यांतील अनेक फाउंटन पेनने लिहिलेली. ६ ऑगस्ट २००२ रोजी मायदेशी त्यांचे निधन झाले.

लिनक्सने १९९६मध्ये अनेक प्रोसेसर हाताळायला सुरुवात केली, तेव्हा साऱ्या कर्नलला एकच मोठे कुलूप होते. त्याच्या जागी छोटी कुलपे बसवत बसवत त्याचा शेवटचा अंश काढायला २०११ उजाडले. आणि डायकस्ट्रा गेले त्याच वर्षी लिनक्समध्ये ‘आरसीयू’ आले : वाचणाऱ्याने कुलूप लावायचेच नाही, बदलणाऱ्याने नवी प्रत पुढे ठेवायची आणि जुनी प्रत वाचणारे सगळे बाहेर पडले की ती टाकून द्यायची.