बाळंभटदादा देवधर

१९३६ साली जर्मनीतील बर्लिन शहरी ऑलिंपिक सामने भरले, त्या वेळी वऱ्हाडातील अमरावतीच्या व्यायामपटूंचे एक पथक तेथे गेले होते. अंबादासपंत व अनंतराव वैद्य या बंधूंनी १९१४ साली स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे हे पथक. पदके जिंकण्यासाठी ते गेले नव्हते. आपले देशी खेळ जगाला दाखवावेत एवढाच त्यांचा हेतू होता. कबड्डीसारख्या खेळांबरोबर त्यांनी तेथे मल्लखांबही करून दाखविला.

अमरावती-अकोल्याकडे तालीम, कुस्ती आणि मारुतीचे देऊळ या गोष्टी गावोगावी आढळतात. मल्लखांब मात्र मूळचा वऱ्हाडातला नव्हे. तो तेथवर कसा पोहोचला याचा माग काढीत गेले, म्हणजे आपण सुमारे एकशेचाळीस वर्षे मागे, पेशवाईच्या अखेरच्या काळात जातो आणि बाळंभटदादा देवधर या मल्लापाशी येऊन थांबतो.

बाळंभटांचा जन्म १७८० च्या सुमारास नाशिकजवळ गोदावरीकाठच्या कोठुरे या गावी झाला. तरुणपणी ते पुण्यास होते. १७९६ च्या डिसेंबरात दुसरे बाजीराव पेशवे गादीवर आले. हा पेशवा पुढे राज्य राखू शकला नाही हे खरे. परंतु व्यायामाची व कुस्तीची त्यास मनापासून आवड होती आणि मल्लांना त्याच्या पदरी आश्रय मिळे.

या दरबारात एके दिवशी निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब असे दोन नामांकित मल्ल आले. त्यांनी पुण्याच्या मल्लांना आव्हान दिले. कोणी लढावयास तयार नसेल तर आम्हांस जयपत्र लिहून द्यावे, अशी त्यांची मागणी होती. जयपत्र देणे म्हणजे साऱ्या दरबाराने न लढताच हार मानणे. तरीही त्या दोघांची अवाढव्य शरीरे पाहून कोणी पुढे येईना. अखेर बाळंभट उठला. तो मिसरूडही न फुटलेला पोर होता. त्याने आव्हान स्वीकारले, मात्र तयारीसाठी काही दिवसांची मुदत मागून घेतली.

या मुदतीत जे घडले त्याची हकीकत परंपरेने चालत आली आहे. बाळंभट वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर गेला आणि तेथे त्याने देवीची उपासना मांडली. स्वप्नात मारुतीने येऊन त्यास लाकडी खांबावरचे डाव शिकविले, असे भाविक लोक सांगतात. दुसरे काही जण म्हणतात की, रानातील वानरांच्या झाडावरच्या उड्या पाहून त्यास ही युक्ती सुचली. यांपैकी कोणतीही कथा खरी माना. त्या डोंगरावर बाळंभटाने काय साधले हे महत्त्वाचे आहे. आपल्याहून दुप्पट बळाच्या माणसाशी बळाने लढून चालणार नाही, हे त्याने ओळखले होते. त्यास चपळाई हवी होती आणि एकदा बसली की सुटणार नाही अशी पकड हवी होती. रानात जोडीला मल्ल कोठून मिळणार? म्हणून त्याने खांबालाच जोडीदार केले. खांब हलत नाही, दमत नाही आणि तेल लावल्यावर हातातून निसटू पाहतो. त्यावर ज्याची पकड टिकली, त्याची पकड कोणत्याही मल्लाच्या अंगावर टिकेल.

मुदत संपताच बाळंभट पुण्यास परतला. दरबारासमोर कुस्ती झाली आणि त्याने अलीस चीत केले. ते पाहून गुलाबाने लढण्याचा विचार सोडून दिला. पुण्याचे जयपत्र पुण्यातच राहिले.

येथवरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. परंतु अशा कुस्त्या त्या काळी अनेक झाल्या आणि त्या मारणाऱ्या मल्लांपैकी बहुतेकांची नावेही आज कोणास आठवत नाहीत. बाळंभटाचे नाव राहिले ते निराळ्या कारणाने. आपल्या विजयाचे रहस्य त्याने स्वतःपाशी ठेवले नाही. त्या काळचे कित्येक उस्ताद आपला खास डाव शिष्यापासूनही लपवून ठेवीत. बाळंभटाने मात्र खांब तालमीत आणून पुरला आणि त्यावरची विद्या इतरांना शिकविण्यास आरंभ केला. जिंकणारा मल्ल गुरू झाला आणि लोक त्यास आदराने दादा म्हणू लागले.

खांबावर व्यायाम करण्याची कल्पना अगदीच नवी होती असे नाही. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने रचलेल्या मानसोल्लास या ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख येतो. परंतु मध्यंतरी ही विद्या लोपल्यासारखी झाली होती. तिला पुन्हा उभे करून शिकण्याजोगे रूप देण्याचे श्रेय दादांकडे जाते.

मल्लखांब तुम्ही पाहिला असेल. सागवानाचा किंवा शिसवीचा गुळगुळीत खांब जमिनीत पक्का पुरलेला असतो. खाली जाड असलेले त्याचे अंग वर निमुळते होत जाते. अंगावर बारीक मान आणि मानेवर गोल बोंड असते. खांबाला एरंडेल चोळतात. प्रथम शिकावयाची ती अढी. हातांनी खांब धरून, शरीर उलटे करून, पायांनी खांबास विळखा घालावयाचा. अढी साधली म्हणजे तेढी, दसरंग, वेल, सुईदोरा, फरारे असे प्रकार क्रमाने येतात. बोंडावर तोल सांभाळणे तर फारच अवघड. हातपाय, पोट, पाठ, मान या सर्वांना यात एकाच वेळी काम पडते, आणि डोके खाली, पाय वर असतानाही घाबरून न जाण्याची सवय लागते. वेताचा मल्लखांब हा याचाच दुसरा प्रकार. पुढे वेताची जागा दोरीने घेतली.

१८१८ साली इंग्रजांनी पेशवाई बुडविली. बाजीरावास आठ लाख रुपयांचे वार्षिक वेतन देऊन कानपूरजवळ गंगाकाठच्या ब्रह्मावर्तास धाडण्यात आले. पुण्याचा आश्रय संपला, तालमी ओस पडू लागल्या. विद्येचा धनी एकच माणूस असता, तर ती तेथेच लयास गेली असती. दादा पेशव्यांबरोबर उत्तरेत गेले आणि तेथेही त्यांनी शिकविणे सोडले नाही. नानासाहेब पेशवे, तात्या टोपे आणि ब्रह्मावर्तास बालपण घालविलेली मनू, म्हणजे पुढची झाशीची राणी लक्ष्मीबाई, यांनीही मल्लखांबाचे धडे तेथेच घेतले, असे परंपरा सांगते.

दादांचे पट्टशिष्य कोंडभटनाना गोडबोले यांनी काशीस ही विद्या नेली. शिष्यांचे शिष्य तयार होत गेले. बडोद्यास जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रोफेसर माणिकरावांनी देशी व्यायामाला कवायतीची शिस्त दिली, आणि त्याच शहरात दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी व्यायामज्ञानकोश रचला. मग शाळांच्या पटांगणांत खांब पुरले जाऊ लागले. मुलीही मल्लखांब करू लागल्या. १९६२ साली ग्वाल्हेरच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत त्याचा समावेश झाला, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईस शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली. ज्या परदेशांनी दादांचे नावही पूर्वी ऐकले नव्हते, तेथील मुलेमुली त्या दिवशी खांबाला एरंडेल चोळून अढी घालीत होती.